केमिस्ट्री लॅबमधली उन्हाळी इंटर्नशिप: नाशिकच्या पोरापोरींसाठी पहिल्या मेलपासून शेवटच्या रिपोर्टपर्यंत सगळं

एसवाय, टीवाय किंवा एमएस्सी पार्ट वनला आहात आणि उन्हाळ्यात कुठल्यातरी युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्री लॅबमध्ये दीड-दोन महिने काम करायचं मनात आहे, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. मी नाशिकमध्येच बीएस्सी केलं, आता युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये असतो आणि दर मे महिन्यात नवीन इंटर्न येतात त्यांच्यासोबत काम करतो. हुशार पोरं येतात पण कुणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून पहिले दोन आठवडे नुसते गोंधळात जातात, ते वाचावेत एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दोन महिन्यांत स्वतःचा रिसर्च पेपर होईल ही अपेक्षा ठेवून जाऊ नका. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच ठरलेलं असतं, सॉल्टमध्ये काय आहे ते सरांना माहीत असतं, टायट्रेशनचं रीडिंग किती यायला पाहिजे ते मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये असतं. रिसर्च लॅबमध्ये उत्तर कुणालाच माहीत नसतं, गाईडलाही नाही. तिथं काम कसं करायचं, आणि जे केलं ते असं कसं लिहून ठेवायचं की दुसऱ्या कुणाला ते पुन्हा करता येईल, हे शिकायला जायचं. ही सवय लागली तर पुढे एमएस्सी, पीएचडी किंवा सातपूर-अंबडच्या कंपनीत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासायच्या विभागात) लागलात तरी ती कामाला येते.

आधी कॅलेंडर बघा

सगळ्यात जास्त संधी इथेच हातातून जातात. उन्हाळ्याची इंटर्नशिप म्हणजे एप्रिलमध्ये शोधू असं वाटतं, पण मोठ्या प्रोग्रॅमचे अर्ज त्याच्या कितीतरी आधी बंद झालेले असतात. भारतीय विज्ञान अकादमी, इन्सा आणि नासी या तीन अकादम्या मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, ८ आठवड्यांची असते, तिचे अर्ज साधारण नोव्हेंबरच्या आसपास बंद होतात. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरची (जेएनसीएएसआर) समर फेलोशिप आहे, मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटचा (टीआयएफआर) व्हीएसआरपी हा उन्हाळी प्रोग्रॅम आहे ज्यात केमिस्ट्रीही असते, पुण्याचं आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), आयआयटी यांचे आपापले प्रोग्रॅम असतात. तारखा दरवर्षी थोड्याफार हलतात, त्यामुळे दिवाळीचा फराळ संपला की प्रत्येकाची वेबसाईट उघडून एका कागदावर तारखा लिहून काढा आणि तो कागद टेबलासमोर चिकटवा.

हे प्रोग्रॅम मिळाले नाहीत तरी रस्ता बंद होत नाही. बरीच पोरं थेट प्रोफेसरला मेल करून जातात. त्या मेलसाठी जानेवारी-फेब्रुवारी चांगला काळ, मार्चपर्यंत चालतं, नंतर जागा भरलेल्या असतात.

आणि आपल्या परीक्षा. पुणे विद्यापीठाची सेमिस्टर परीक्षा कधी मेच्या मध्यापर्यंत लांबते, कधी त्याच्याही पुढे जाते, आणि फेलोशिपवाले १५ मेला या म्हणतात. वेळापत्रक आलेलं नसेल तर मेलमध्ये तसं स्पष्ट लिहा की परीक्षा अमुक आठवड्यापर्यंत चालू शकते, त्यानंतर मी पूर्णवेळ मोकळा. कुणी त्यावरून नाही म्हणत नाही. तारीख देऊन नंतर फिरवली की मात्र माणूस वैतागतो.

कुठली लॅब

पहिला प्रश्न, बाहेर जायचं की नाशिकमध्येच. पुण्याला गणेशखिंडीत विद्यापीठाचा केमिस्ट्री डिपार्टमेंट, तिथून जवळच पाषाण रोडला १९५० साली सुरू झालेली एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि तिच्या शेजारी आयसर. मुंबईला माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), पवईची आयआयटी. ही नावं सगळ्यांना पाठ असतात. पण केटीएचएम, एचपीटी-आरवायके यांसारख्या आपल्या मोठ्या कॉलेजांतही केमिस्ट्रीत पीएचडी करणारे लोक आहेत, आणि ज्याला घरच्या परिस्थितीमुळे बाहेर राहणं जमत नाही त्याने इथे दोन महिने नीट काम केलं तर ते कुठेही कमी नाही. मी तर म्हणेन की एसवायला असाल तर पहिला उन्हाळा इथेच करा, हात बसतो, मग टीवाय नंतर बाहेर.

नाशिकमध्ये राहून करता येतील असे चांगले विषय आपल्या अवतीभवतीच आहेत. वायनरीत द्राक्षं पिळून उरलेला चोथा, म्हणजे साली आणि बिया, यात पॉलिफेनॉल भरपूर असतात. ते मेथॉनॉल-पाण्यात काढायचे, फोलिन-सिओकॅल्टू रीएजंटने निळा रंग आणायचा आणि ७६५ नॅनोमीटरला यूव्ही-व्हिजिबलवर मोजायचं, स्टँडर्ड म्हणून गॅलिक अ‍ॅसिड. लासलगावच्या कांद्याच्या वाळलेल्या सालीत क्वर्सेटिन असतं. गोदावरीच्या पाण्याचा डिझॉल्व्हड ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजता येतो, फक्त त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड नदीकाठीच बाटलीत टाकून ऑक्सिजन फिक्स करावा लागतो, बाटली तशीच लॅबला आणून नंतर केलं तर वाटेत पाण्यातले जिवाणू ऑक्सिजन खात राहतात आणि हवेचाही फरक पडतो, मग आलेला आकडा नदीचा राहत नाही. असे प्रोजेक्ट साधे वाटतात पण सॅम्पल कसं घेतलं, किती वेळा मोजलं, ब्लँक (सॅम्पल न टाकता केलेलं मोजमाप) घेतला का, हे सगळं त्यात शिकायला मिळतं.

लॅब निवडताना इन्स्टिट्यूटच्या नावापेक्षा तुमच्याकडे रोज लक्ष कोण देणार हे बघा. मोठ्या प्रोफेसरच्या पंधरा-वीस जणांच्या ग्रुपमध्ये सर दोन आठवड्यांतून एकदा दिसतात, तुम्हाला शिकवणार तो पीएचडीचा सिनियर. नवीन लागलेल्या प्रोफेसरकडे तीन-चार जणच असतात, तिथे सर किंवा मॅडम स्वतः कॉलम (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची सिलिका भरलेली काचेची नळी) कसा भरायचा ते दाखवतात. ग्रुपच्या वेबसाईटवर आधीच्या इंटर्नची नावं असतील तर त्यातल्या एखाद्याला लिंक्डइनवर विचारा, बहुतेक लोक मनमोकळं सांगतात.

मेल कसा लिहायचा

प्रोफेसरला अशा मेल रोज येतात आणि त्यातल्या बहुतेक एकसारख्या असतात: आदरणीय सर, मी कष्टाळू विद्यार्थी आहे, मला तुमच्या नामांकित संस्थेत संधी द्यावी. वर कुणाचंच नाव नाही, म्हणजे एकच मेल पन्नास जणांना गेलाय हे लगेच कळतं. अशा मेलला उत्तर येत नाही.

काम करणारा मेल असा असतो. त्या ग्रुपचा गेल्या दोन-तीन वर्षांतला एक पेपर काढा. सगळा समजणार नाही, समजायची गरजही नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्ट, पहिली स्कीम आणि ऑप्टिमायझेशनचा टेबल एवढं नीट वाचा. त्या टेबलमध्ये सॉल्व्हंट बदलला, टेंपरेचर बदललं की यील्ड (किती टक्के प्रॉडक्ट हातात आला) कसं बदललं ते दिसतं, आणि तिथूनच तुम्हाला खराखुरा प्रश्न सुचतो. मग मेल, इंग्रजीत, पण मजकूर साधारण असा:

नमस्कार मॅडम, मी नाशिकला टीवाय बीएस्सी केमिस्ट्रीला आहे. तुमच्या ग्रुपचं कॉपर कॅटॅलिस्ट वापरून ट्रायझोल बनवण्याचं काम वाचलं. टेबलमध्ये पाण्यात यील्ड जास्त आणि टोल्युइनमध्ये कमी दिसतंय, हे कॉपर सॉल्टच्या विरघळण्यामुळे असेल का, की दुसरं काही, असा प्रश्न पडला. मला १५ मे ते १० जुलै या काळात तुमच्या लॅबमध्ये काम करायला आवडेल. टायट्रेशन, रिक्रिस्टलायझेशन, मेल्टिंग पॉइंट हे कॉलेजमध्ये हाताने केलंय, कॉलम अजून केलेला नाही. सीव्ही आणि मार्कशीट जोडली आहे. स्टायपेंड नसला तरी चालेल, राहायची सोय मी करेन.

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. आणि काय येत नाही ते लिहिल्याने काही बिघडत नाही, उलट वाचणाऱ्याला कळतं की तुम्हाला कुठून सुरुवात करून द्यायची.

सीव्ही एक पानाचा. दहावीच्या चित्रकला स्पर्धेचं सर्टिफिकेट त्यात नको. प्रॅक्टिकलला केलेले प्रयोग, एखादा प्रोजेक्ट, एक्सेल किंवा ओरिजिनवर ग्राफ काढता येतो का, केमड्रॉ (रेणूंची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) येतं का, शिफारस देऊ शकतील अशा दोन शिक्षकांची नावं (त्यांना आधी विचारून). फाईलला तुमचं नाव द्या, न्यू-फायनल-टू असलं काही नको. दहा-बारा दिवस उत्तर नाही आलं तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करा, एकदाच. तरी नाही आलं तर पुढचा प्रोफेसर. एका डिपार्टमेंटमधल्या चार जणांना एकाच दिवशी मेल करू नका, ते एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात.

कागद, राहणं आणि पैसे

हो म्हटलं की कॉलेजकडून बोनाफाईड आणि एनओसी घ्यायची, त्यावर एचओडीची सही लागते आणि सुट्टीत एचओडी भेटत नाहीत, त्यामुळे एप्रिलमध्येच करून ठेवा. नवीन अभ्यासक्रमात ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) किंवा रिसर्च प्रोजेक्टचे क्रेडिट असतात, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला ओजेटी ४ क्रेडिटची आहे, तर तुमची ही इंटर्नशिप त्यात धरली जाईल का हे निघायच्या आधी डिपार्टमेंटला विचारून लेखी घ्या. परत आल्यावर विचारलं की फॉरमॅट वेगळा निघतो, तासांची नोंद वेगळी लागते आणि मग पळापळ.

केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेतली शे (SHE) स्कॉलरशिप मिळत असेल तर त्यात वर्षाला ८०,००० रुपये असतात, त्यातले २०,००० उन्हाळी प्रोजेक्टच्या मेंटॉरशिपसाठी धरलेले आहेत आणि प्रोजेक्ट रिपोर्ट द्यावा लागतो. म्हणजे तुमच्यासाठी इंटर्नशिप ही करावीच लागणारी गोष्ट आहे, गाईडला हे पहिल्या मेलमध्येच सांगा.

जिथे तुमच्याकडूनच हजारो रुपये फी मागतात आणि पंधरा दिवसांत रिसर्च इंटर्नशिपचं सर्टिफिकेट देतो म्हणतात, तिकडे जाऊ नका. चांगली लॅब शिकवायचे पैसे घेत नाही. काही ठिकाणी बेंच फी किंवा हॉस्टेलची फी असते, पण ती इन्स्टिट्यूटच्या पावतीवर असते आणि आधी सांगितलेली असते.

पुण्याला जाणाऱ्यांनी ठक्कर बाजारहून बस पकडली की सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत पाच तास धरा, चाकणला अडकलात तर जास्त. वाकडेवाडीला उतरलं की विद्यापीठ जवळ. मुंबईला पंचवटी आहेच, पण रोज अप-डाउन करून रिसर्च करायचा विचार करू नका. रिअ‍ॅक्शन संध्याकाळी सहाला संपते असं कधी होत नाही. हॉस्टेल मिळतंय का ते गाईडला नाही, डिपार्टमेंटच्या ऑफिसला विचारा, ते काम त्यांचं असतं.

जायच्या आधी एवढं पक्कं करा

मोल, मिलीमोल, इक्विव्हॅलंट (मुख्य पदार्थाच्या एका मोलमागे दुसरा किती मोल). बाकी सगळं तिथे शिकाल, पण हे हातात पाहिजे. साधं उदाहरण घ्या, अ‍ॅस्पिरीन. सॅलिसिलिक अ‍ॅसिड २ ग्रॅम घेतलं, त्याचं मॉलिक्युलर वेट १३८.१२, म्हणजे १४.४८ मिलीमोल. अ‍ॅसेटिक अनहायड्राइड ५ मिली, घनता १.०८ धरली तर ५.४ ग्रॅम, मॉलिक्युलर वेट १०२.०९, म्हणजे साधारण ५२.९ मिलीमोल, म्हणजे सुमारे ३.६५ इक्विव्हॅलंट. कमी असलेलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड, तर यील्ड त्यावरून. अ‍ॅस्पिरीनचं १८०.१६, म्हणजे पूर्ण झालं तर २.६१ ग्रॅम. हातात १.९ ग्रॅम आलं तर यील्ड ७३ टक्के. हे तुम्हाला कागद-पेन घेऊन दोन मिनिटांत जमलं पाहिजे, कारण तिथे रोज सकाळी पहिलं काम हेच.

डायल्युशनही तसंच. कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल साधारण १२ मोलर असतं, २५० मिली १ मोलर बनवायचं तर २०.८ मिली लागेल, आणि ते आधी घेतलेल्या पाण्यात हळूहळू ओतायचं, उलटं नाही. याशिवाय बीअर-लँबर्टचा नियम, साधे फंक्शनल ग्रुपचे आयआर (इन्फ्रारेड) पीक आणि कंपाउंडची रचना ओळखायच्या प्रोटॉन एनएमआरचं बेसिक, म्हणजे शिफ्ट, इंटिग्रेशन, स्प्लिटिंग. एवढ्यावर भागतं.

पहिले काही दिवस

पहिल्या दिवशी कुणी रिअ‍ॅक्शन लावायला देत नाही, द्यायलाही नको. आय वॉश कुठे आहे, सेफ्टी शॉवर कुठे, फायर एक्स्टिंग्विशर कुठला, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कोणता, हे डोळे मिटून सांगता येईल असं बघून ठेवा. डोळ्यात काही उडालं तर पंधरा मिनिटं सलग पाण्याने धुवायचं, दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही.

कॉटनचा पूर्ण बाह्यांचा एप्रन, बंद बूट, गॉगल, केस बांधलेले. मे महिन्यात चपला घालायचा मोह होतो पण लॅबमध्ये चप्पल अजिबात नाही, आणि ओढणी असेल तर ती बाहेर ठेवा. साधे नायट्राइल ग्लोव्ह्ज म्हणजे चिलखत नाही, डीसीएम (डायक्लोरोमिथेन) त्यातून फार पटकन आरपार जातं, सांडलं की ग्लोव्ह लगेच काढून टाकायचा. आणि ग्लोव्ह घातलेल्या हाताने दाराचं हँडल, मोबाईल, लिफ्टचं बटण काहीही धरू नका, तुमच्यानंतर तेच बटण दाबणाऱ्याच्या हातात ग्लोव्ह नसतो.

वेस्टच्या बाटल्या वेगवेगळ्या का आहेत ते विचारून घ्या. हॅलोजन असलेले सॉल्व्हंट वेगळे, बिनहॅलोजनचे वेगळे, अ‍ॅसिड वेगळं. नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये अ‍ॅसिटोन किंवा दुसरा ऑरगॅनिक सॉल्व्हंट पडला तर स्फोट होऊ शकतो. क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोनच्या मिश्रणात बेस आला की तेही भडकतं. कुठली बाटली ते माहीत नसेल तर हातातला बीकर खाली ठेवा आणि विचारा. जुनी ईथर किंवा टीएचएफची (टेट्राहायड्रोफ्युरान) बाटली, झाकणाभोवती पांढरे खडे दिसत असतील तर हातही लावू नका, पेरॉक्साइड असू शकतं, सिनियरला बोलवा.

मे महिना आणि नंतर पाऊस

डायएथिल ईथर ३४.६ डिग्रीला उकळतो, डीसीएम साधारण ४० ला, पेंटेन ३६ ला. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा याच्या आसपासच असतो. म्हणजे एसी नसलेल्या लॅबमध्ये ईथरची बाटली उघडताना आतून प्रेशर येतं, सेपरेटिंग फनेलमध्ये एकदा हलवलं की लगेच उलटा धरून नळ उघडून हवा सोडावी लागते, नाहीतर स्टॉपर उडतो. टीएलसीच्या (सिलिकाच्या प्लेटवर ठिपके लावून मिश्रणात काय काय आहे ते बघायची पद्धत) चेंबरमधला सॉल्व्हंट उडून जातो आणि सकाळचा आरएफ (ठिपका प्लेटवर किती वर चढला ते) दुपारी येत नाही, म्हणून चेंबरवर झाकण आणि दोन-तीन रननंतर सॉल्व्हंट नवीन. रोटाव्हॅपच्या (सॉल्व्हंट उडवायच्या मशीनच्या) कंडेन्सरमध्ये टाकीवरचं गरम पाणी फिरत असेल तर सॉल्व्हंट पंपात जातो, चिलर नसेल तर बादलीत बर्फ टाकून ते पाणी फिरवा. ज्या कामात ईथर लागतो ते सकाळी लवकर करा.

मग जूनचा पाऊस येतो आणि सगळं उलटं होतं. हवेतला दमटपणा वाढला की वजन करता करता पोटॅशियम हायड्रॉक्साइड काट्यावरच ओलं होतं, ओलावा न चालणारी ग्रिगनार्ड सुरूच होत नाही, आयआरची केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) पेलेट पाणी ओढते आणि ३४०० च्या आसपास एक मोठा रुंद पीक दिसतो जो बघून नवीन माणूस म्हणतो अल्कोहोल आलं! आधी नुसत्या केबीआरची पेलेट करून बघा, तिथेही तो पीक असेल तर ते पाणी आहे. ग्लासवेअर रात्रभर ओव्हनमध्ये, गरम असतानाच नायट्रोजनखाली गार करा, आणि सिलिका डेसिकेटरमधली (ओलावा येऊ न देणाऱ्या बंद भांड्यातली) वापरा.

हाच ऋतू तुमच्या इंटर्नशिपचा आहे, त्यामुळे रिझल्ट बदलला की तारीख आणि हवामान बघायची सवय ठेवा. नोटबुकमध्ये आज पाऊस एवढं लिहिलं तरी पुढे उपयोग होतो.

लॅब नोटबुक

यावर मी सगळ्यात जास्त जोर देतो. कॉलेजचं जर्नल आपण काम झाल्यावर, बऱ्याचदा सबमिशनच्या आदल्या रात्री, स्वच्छ अक्षरात लिहितो. लॅब नोटबुक काम चालू असताना, तिथेच, पेनाने लिहायचं. टिश्यू पेपरवर वजन लिहून संध्याकाळी उतरवतो म्हणालात की तो टिश्यू वेस्टमध्ये जातो.

पानाला नंबर आणि तारीख. वर रिअ‍ॅक्शन काढायची, कुठल्या पेपरवरून किंवा कुणाच्या नोटबुकच्या कुठल्या पानावरून घेतली ते. मग टेबल: कंपाउंड, मॉलिक्युलर वेट, इक्विव्हॅलंट, मिलीमोल, घ्यायचं वजन आणि प्रत्यक्ष घेतलेलं वजन. ही शेवटची दोन वेगळी लिहायची, १.५० ग्रॅम ठरवलं आणि काट्यावर १.५३ आलं तर १.५३ लिहा. बाटली कुठल्या कंपनीची, कधी उघडलेली. त्याखाली वेळेसकट जे दिसलं ते सगळं: ११.२० ला बेस टाकला, पिवळा रंग आला, ११.३५ ला चिकट झालं, स्टर बार अडकला. टीएलसीची प्लेट पेन्सिलने तशीच काढायची, स्पॉटचा आकार, रंग, यूव्हीखाली दिसला की आयोडीनमध्ये, एल्युएंट (प्लेट चढवायला वापरलेला सॉल्व्हंट) काय. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची की खालचं वाचता येईल, खोडरबर किंवा व्हाइटनर नाही.

सॅम्पलचं नाव नोटबुकवरून द्या. तुमची आद्याक्षरं, पान नंबर, फ्रॅक्शन नंबर, बस. फ्रीजमध्ये प्रॉडक्ट, न्यू, शुद्ध अशी लेबलं लावलेल्या व्हायल तुम्ही गेल्यावर कुणालाच कळत नाहीत आणि शेवटी फेकून द्याव्या लागतात, म्हणजे तुमचं काम गेलं. रोज जाताना त्या दिवसाच्या पानांचा फोटो आणि एनएमआरची मूळ फाईल ड्राइव्हवर टाका. नुसता स्क्रीनशॉट नको, त्यावर नंतर इंटिग्रेशन करता येत नाही.

रोजचं हातकाम

तुमचा बराचसा वेळ टीएलसी, वर्कअप (काम संपल्यावर मिश्रण पाण्याने धुऊन प्रॉडक्ट वेगळा काढणं) आणि कॉलममध्ये जाणार. टीएलसीला कॅपिलरी जितकी बारीक ओढाल तितका स्पॉट नीट. तीन स्पॉट लावायचे: स्टार्टिंग मटेरियल, रिअ‍ॅक्शन मिक्श्चर आणि मधे दोन्ही एकावर एक, म्हणजे को-स्पॉट. नुसते शेजारी लावले तर ०.४२ आणि ०.४५ हा फरक खरा की प्लेट वाकडी गेली ते कळत नाही, को-स्पॉटमध्ये कळतं. कॉलमसाठी पेट ईथर आणि एथिल अ‍ॅसिटेटचं असं प्रमाण शोधा की तुमचा स्पॉट ०.२ ते ०.३५ मध्ये येईल. कॉलम एकदा भरला की सॉल्व्हंटची पातळी सिलिकाच्या खाली जाऊ द्यायची नाही, भेग पडली की सगळे बँड एकत्र येतात.

वर्कअपला वरचा लेयर कुठला असा प्रश्न पडतोच. डीसीएमची घनता १.३३, क्लोरोफॉर्मची १.४९, हे खाली बसतात, ईथर ०.७१ आणि एथिल अ‍ॅसिटेट ०.९० वर तरंगतात. पण पाण्यात मीठ किंवा प्रॉडक्ट जास्त असलं की भरवसा नाही, म्हणून थोडं पाणी टाकून बघा ते कुठल्या लेयरमध्ये मिसळतं. आणि हातात शुद्ध प्रॉडक्टचं वजन येईपर्यंत एकही लेयर फेकायचा नाही. एकही नाही.

एनएमआरला ५ ते १० मिलिग्रॅम सॅम्पल, सीडीसीएल-थ्री (ड्युटेरियमचं क्लोरोफॉर्म) ०.६ मिलीच्या आसपास, कण दिसत असतील तर पिपेटमध्ये थोडा कापूस घालून गाळून. स्पेक्ट्रम आला की आधी ओळखीचे पाहुणे बाजूला काढा: ७.२६ पीपीएमला क्लोरोफॉर्म, १.५६ ला पाणी, २.१७ ला धुतलेल्या ट्यूबमधला अ‍ॅसिटोन, आणि १.२६, २.०५, ४.१२ असे तीन एकदम दिसले तर तो एथिल अ‍ॅसिटेट, म्हणजे सॅम्पल पुरेसं सुकवलं नाही. मग उरलेल्याकडे बघा. डीएमएसओमध्ये केलं तर सॉल्व्हंट २.५० ला आणि पाणी ३.३३ ला.

सिनियर, सर, मॅडम

तुम्हाला शिकवणारा दादा किंवा ताई स्वतःची पीएचडी ओढत असतात, त्यांचा वेळ तुमच्यासाठी वेगळा काढलेला नसतो. प्रश्न विचाराच, पण दर पाच मिनिटांनी एक असं न करता कागदावर लिहून ठेवा आणि चहाच्या वेळी पाच एकदम विचारा. यातून फक्त सेफ्टी वगळा, तिथे लगेच, भले सर कुणाशी बोलत असले तरी. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा दाखवायला लागू नये म्हणून दाखवत असतानाच लिहा.

काही फुटलं, सांडलं, चुकीचं टाकलं गेलं, तर त्याच मिनिटाला सांगा. काचेची किंमत सहसा कुणी तुमच्याकडून मागत नाही. लपवलेल्या चुकीमुळे मात्र दुसऱ्याचे तीन महिने जाऊ शकतात, आणि लॅबमध्ये विश्वास एकदा गेला की उरलेल्या दिवसांत कुणी महत्त्वाचं काम देत नाही. मुलींनी आणि मुलांनीही, रात्री एकट्याने लॅबमध्ये रिअ‍ॅक्शन लावायला कुणी सांगितलं तर नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. कुणाचं वागणं खटकलं तर गाईडशी, आणि गाईडशीच अडचण असेल तर इन्स्टिट्यूटच्या अंतर्गत तक्रार समितीशी बोला. इंटर्न आहात म्हणून सहन करायचं असं काही नसतं.

रिअ‍ॅक्शन होत नाही तेव्हा

होणार नाही. बऱ्याचदा होणार नाही. तेव्हा पहिली गोष्ट, लगेच चार गोष्टी एकदम बदलू नका, मग जमलं तरी कशाने जमलं ते कळत नाही. आधी सिनियरने केलेली, चालणारी रिअ‍ॅक्शन तुमच्या हाताने, त्याच बाटल्यांमधून करून बघा. ती चालली तर तुमचा हात आणि रीएजंट ठीक, प्रश्न तुमच्या सब्स्ट्रेटमध्ये (तुम्ही बदल घडवू पाहताय त्या पदार्थात). ती पण चालली नाही तर रीएजंट जुना, सॉल्व्हंट ओला किंवा टेंपरेचर चुकीचं, आणि टेंपरेचर म्हणजे हॉट प्लेटच्या डायलवरचं नाही, ऑइल बाथमध्ये थर्मामीटर बुडवून बघितलेलं. मग एकेक बदला. सात वेळा करून शून्य यील्ड आलं आणि सातही पानं नीट लिहिलेली असली तर तो रिझल्ट आहे, पुढचा माणूस तो रस्ता सोडून देतो.

शेवटचे पंधरा दिवस

नवीन रिअ‍ॅक्शन लावणं इथे थांबवा, फार तर अर्धवट राहिलेलं, प्रॉडक्ट नक्की तोच आहे हे दाखवणारं एखादं कॅरॅक्टरायझेशन. रिपोर्ट दहा-पंधरा पानांचा पुरतो: काय विचारलं होतं, काय केलं, काय मिळालं, काय नाही मिळालं, एक्सपेरिमेंटल आणि मूळ स्पेक्ट्रा. एक्सपेरिमेंटल असं लिहा की ते वाचून नाशिकमधला तुमचाच वर्गमित्र ती रिअ‍ॅक्शन करू शकेल. इंट्रोडक्शन नेटवरून उचलू नका, प्लेजरिझम चेक होतो आणि गाईडला तसंही दोन ओळींत कळतं. ग्रुप मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन असेल तर दहा स्लाइड, प्रत्येकीवर एकच स्कीम किंवा एकच टेबल.

तुमचा डेटा ग्रुपचा असतो. गाईडला न विचारता तो कॉन्फरन्सच्या पोस्टरवर किंवा इन्स्टावर टाकू नका. पुढे पेपर झाला तर नाव यावं का हे कामावर ठरतं, निघताना शांतपणे विचारून ठेवायला हरकत नाही.

जायच्या आदल्या दिवशी सगळ्या व्हायलची यादी, कुठल्या फ्रीजच्या कुठल्या खणात ते लिहून सिनियरला द्या, नोटबुक तिथेच ठेवा आणि स्वतःसाठी स्कॅन घ्या. स्वतःचं ग्लासवेअर धुऊन, बेंच पुसून. सर्टिफिकेटवर तारखा आणि प्रोजेक्टचं नाव बरोबर आहे का ते तिथेच उभं राहून वाचा, पुण्याहून दुरुस्त करून आणायला पुन्हा दहा तासांचा प्रवास होतो. शिफारसपत्र लागणार असेल तर आत्ताच विचारा की पुढच्या वर्षी तुमचं नाव देऊ का, आणि जेव्हा खरंच लागेल तेव्हा निदान तीन आठवडे आधी मेल करा, सोबत तुमचा रिपोर्ट, नवीन सीव्ही आणि कुठे अर्ज करताय त्याची लिंक जोडा.